दिनविशेष : १७ नोव्हेंबर – चंद्रावर पहिली चाके

१७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचे ‘लुना १७’ चंद्राच्या मारे इम्ब्रियम या मैदानी प्रदेशात उतरले आणि त्यातून ‘लुनोखोद १’ ही आठ चाकांची गाडी रॅम्पवरून खाली आली. परक्या भूमीवर चाललेला हा पहिला रोव्हर. क्रायमियात बसलेल्या पाच जणांच्या चमूने तो साडेदहा किलोमीटर हाकला.

आता मात्र रोव्हरने स्वतःच वाट ठरवावी, असे म्हटले की, संदेश चंद्रावर जाऊन परतायला अडीच सेकंद पुरतात, मग रोव्हरला स्वतःची बुद्धी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. २७ ऑगस्ट २०२३ रोजी भारताच्या ‘प्रज्ञान’ या चांद्र रोव्हरसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा देऊन त्याला माघारी वळवावे लागले. खरा वेळ जातो तो छायाचित्रे उतरवून घेण्यात, ती पारखण्यात आणि नवी वाट ठरवण्यात. आणि चंद्रावरचा उजेड तर जेमतेम आपल्या चौदा दिवसांचा. ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ शोधायचा, तर खड्डा चुकवण्याचा निर्णय रोव्हरनेच घ्यायला हवा. कोणता दगड तपासायचा, हे मात्र शास्त्रज्ञांनीच ठरवावे.

पुढे बेपत्ता झालेला तो पहिला रोव्हर, ‘लुनोखोद १’, २०१० मध्ये पुन्हा सापडला. त्यावरच्या फ्रेंच बनावटीच्या परावर्तकावरून परतणाऱ्या लेसरने चंद्राचे अंतर आजही मोजले जाते.