शेवटचं यंत्र मोडीत निघतं तेव्हा : कोडाक्रोमच्या लॅबची गोष्ट

फोटोग्राफीच्या इतिहासात आपण कॅमेऱ्यांविषयी भरपूर बोलतो, फोटोग्राफरांविषयी बोलतो. पण रोल धुवायला टाकला की पुढे तो कुठे जायचा, कोणत्या यंत्रातून निघायचा, याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. आज आपण त्या यंत्रांविषयी बोलू, आणि तेही ती भंगारात गेली त्या दिवसांविषयी. जुनं यंत्र काढून टाकणं हा दुकानाच्या हिशेबाचा प्रश्न वाटतो. बहुतेक वेळा तो तेवढाच असतोही. पण ते यंत्र आपल्या जातीचं शेवटचं असेल, तर त्याच्याबरोबर आणखी बरंच काही जातं. त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे कोडाक्रोम.

कोडॅक कंपनीने ही रंगीत फिल्म 1935 साली बाजारात आणली. आधी 16 मिमी चलच्चित्रासाठी, आणि पुढच्या वर्षी स्लाइडसाठी. ती शोधून काढणारे लिओपोल्ड मान्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही संगीतकार होते, एक पियानोवादक आणि दुसरा व्हायोलिनवादक. आता गंमत बघा. या रंगीत फिल्ममध्ये रंगच नव्हते! आपण नेहमी वापरत होतो त्या रंगीत निगेटिव्हच्या रोलमध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांतच असतात. कोडाक्रोममध्ये तसं नव्हतं. ती मुळात एकावर एक चढवलेल्या कृष्णधवल थरांची फिल्म. रंग यायचे ते लॅबमध्ये.

म्हणजे कसं? फिल्म आधी कृष्णधवल पद्धतीने धुवायची. मग एका बाजूने लाल प्रकाश देऊन एका थरात निळसर-हिरवा रंग आणायचा. दुसऱ्या बाजूने निळा प्रकाश देऊन दुसऱ्या थरात पिवळा. उरलेल्या थरात रसायनाच्या जोरावर किरमिजी. मग चांदी काढून टाकायची, की मागे फक्त रंग राहतात. प्रत्येक रंगाला वेगळं डेव्हलपर, वेगळी टाकी. तापमान जरा हललं किंवा रसायनाचं प्रमाण बिघडलं की रंग गेलेच. 1974 पासून या प्रक्रियेला के-14 म्हणत. त्यासाठी लांबलचक यंत्र लागे, आणि रसायनांवर रोज नजर ठेवणारा जाणकार माणूसही लागे.

यातला कळीचा मुद्दा असा, की असं यंत्र अधूनमधून चालवता येत नाही. टाक्यांतली रसायनं ताजी राहायची तर त्यातून सतत फिल्म जात राहावी लागते. काम कमी झालं की रसायनं वाया जातात आणि खर्च मात्र तेवढाच राहतो. डिजिटल आल्यावर नेमकं हेच झालं. जगभरच्या के-14 लॅब एकेक करून बंद पडल्या आणि शेवटी एकच उरली : अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावातली ‘ड्वेन्स फोटो’.

जून 2009 मध्ये कोडॅकने कोडाक्रोमचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या रोलपैकी एक स्टीव्ह मॅककरी या फोटोग्राफरला मिळाला. त्याचा आपल्याशीही संबंध आहे, कारण त्या 36 चौकटींतल्या काही मुंबईच्या सिनेकलावंतांवर आणि राजस्थानातल्या रबारी लोकांवर खर्च झाल्या. तो रोल 2010 च्या जुलैमध्ये पार्सन्सलाच धुतला गेला.

रोल स्वीकारण्याची शेवटची तारीख ठरली 30 डिसेंबर 2010. ती जवळ आली तशी जगभरातून पार्सलं येऊ लागली. लोकांनी कपाटं, पेट्या, माळे धुंडाळले. आगगाड्यांचे फोटो काढणारा एक हौशी माणूस दीड हजारांहून जास्त रोल धुवून घेऊन गेला. आलेलं काम जानेवारी 2011 मध्ये संपलं. मग यंत्र बंद केलं, सुटं केलं आणि भंगारात दिलं.

यानंतर काय झालं? एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत आज न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर तो कृष्णधवल धुता येतो. हौशी मंडळींचे घरगुती प्रयोग सोडले, तर रंग मिळत नाहीत. चित्र फिल्मवर आहे, पण त्याचे रंग त्या टाक्यांत होते.

याच्या शेजारी आपल्या गल्लीतली कलर लॅब ठेवून पाहू. जपानच्या नोरित्सू कंपनीने 1970च्या दशकात छोट्या दुकानात मावणारी यंत्रं आणली, आणि तासाभरात प्रिंट मिळू लागल्या. ही यंत्रं सी-41 या 1972 पासूनच्या प्रक्रियेवर चालत. ती प्रक्रिया सगळ्या कंपन्यांनी स्वीकारली होती, म्हणून एका दुकानाने यंत्र विकलं तरी काही अडत नाही. रोल दुसरीकडे धुता येतो, आजही. आणि ते यंत्र जपून ठेवूनही फायदा नसतो. न वापरता ठेवलं की रोलरवर रसायनाचे खडे धरतात, पंप अडकतात. त्यातलं लोखंड, मोटारी आणि हायपोत उतरलेली चांदी, एवढीच त्याची किंमत उरते. उलट एन्लार्जर बघा : एक दिवा, एक भिंग, एक खांब. तो एकट्याने चालतो, म्हणून हौशी लोक अजून तो शोधत येतात.

तेव्हा ‘जुनं ते सगळं जपा’ असं आपण इथे म्हणत नाही. एवढं मोठं यंत्र कोण आणि कुठे ठेवणार? मोडीत काढण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : याच्यावर अवलंबून असलेलं, अजून न उघडलेलं असं कुणाचं काही बाकी आहे का? पार्सन्सच्या प्रकरणात लोकांना दीड वर्ष आधी कळलं होतं, म्हणून हजारो रोल वाचले. हाच प्रश्न आज जुन्या व्हिडिओ टेपच्या यंत्रांनाही लागू आहे. घरी लग्नाची कॅसेट असेल, तर ती चालवणारं यंत्र गावात कुणाकडे उरलंय, याची चौकशी या आठवड्यातच करा.

आता प्रश्न घेऊ.