कोल्हापूर शहरातील रस्त्यांवर दीर्घकाळ वाहन उभे ठेवणे

सार्वजनिक रस्त्याच्या कडेला दुचाकी, मोटार, टेम्पो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली रात्रभर, आठवडाभर वा वर्षानुवर्षे उभी ठेवण्याबाबत कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत लागू असलेल्या कायदेशीर तरतुदी आणि त्यांची प्रत्यक्ष वहिवाट. या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता यांतली विखुरलेली कलमे एकत्र वाचावी लागतात. शहरात पोलीस आयुक्तालय नसल्याने रस्त्यारस्त्यांचे आदेश जिल्हाधिकारी व जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्याकडून निघतात. ते अमलात आणण्याचे काम शहर वाहतूक शाखेचे, आणि वाहनतळ उभारणे, पट्टे मारणे व फलक लावणे हे बहुतांशी महापालिकेचे.

मुदतीचा आकडा सांगणारे मुख्य कलम एकच, मोटार वाहन अधिनियमाचे १२७ वे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले अथवा कोणाच्या देखरेखीविना उभे असलेले वाहन, तसेच पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन, क्रेनने उचलून नेण्याची किंवा चाकाला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. जळालेले, मोडके किंवा अर्धवट सुटे केलेले वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल तर दहा तासांची वाट पाहण्याचेही कारण नाही. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी, आणि दंड असेल तर तो वेगळा.

दहा तासांची ही रेघ अक्षरशः पाळायची तर शहर दररोज पहाटे बेकायदा ठरेल. संध्याकाळी आठला मंगळवार पेठेतल्या घरासमोर लावलेली मोटार सकाळी सातला निघते तेव्हा तिचे अकरा तास भरलेले असतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ हा गावठाणाचा भाग मोटारीच्या कितीतरी आधी वसला. तिथल्या जुन्या घरांचा उंबरठा थेट रस्त्यावर उतरतो, वाड्याच्या दिंडीतून बैल आत जाई, चारचाकी जात नाही. त्यामुळे रस्ता हेच तिथले गॅरेज, आणि हे पोलिसांनाही ठाऊक असते. कलमात ‘उचलता येईल’ असे आहे, ‘उचललेच पाहिजे’ असे नाही. या फटीत सगळी वहिवाट बसलेली आहे. प्रत्यक्षात गाडी किती तास उभी आहे याला फारसे महत्त्व नसते. ती कोणाच्या वाटेत आहे आणि तक्रार कोणी केली, यावर कारवाई ठरते.

कायद्याचा एकंदर कलही याच बाजूचा आहे. कलम १२२ मध्ये तासांचा उल्लेखच नाही: धोका, अडथळा किंवा इतरांची अवाजवी गैरसोय होईल अशा स्थितीत वाहन वा ट्रेलर सार्वजनिक जागी सोडणे हाच गुन्हा. कलम २०१ खाली वाहतुकीला अडथळा करून वाहन ठेवणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हे कलम फक्त नादुरुस्त वाहनाला लागू होते आणि दंड तासाला ५० रुपयांपर्यंत होता. म्हणजे पूर्वी घड्याळ लावून आकारणी होती, ती काढून रक्कम एकठोक केली. महिनाभर रस्ता अडवणाऱ्याला आणि तासभर अडवणाऱ्याला एकच कमाल, ही सुधारणा म्हणावी की सवलत, असा प्रश्न पडतो. जिथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिथे कलम १७७ चा सर्वसाधारण दंड: पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक वाट अडवल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो २०० रुपये होता. पोलीस अधिनियमाचे कलम १०२ या सर्वांत जुन्या वळणाचे. त्यात वाहन उभे करणे आणि जनावर बांधणे एकाच वाक्यात येते, माल उतरवायला लागेल तेवढाच वेळ थांबा असे ते सांगते. गाड्यांना बैल होते तेव्हाची ही भाषा, पण लक्ष्मीपुरीतल्या धान्यबाजारात टेम्पोवाल्याला आजही तीच लागू पडते.

याउलट मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११७ प्राधिकाऱ्याला अशी जागा नेमून देण्याची मुभा देते जिथे वाहन ठरावीक मुदतीपुरते किंवा बेमुदतसुद्धा उभे राहू शकेल. बेमुदत पार्किंग कायद्याला अगदीच परके नाही. फक्त ती जागा कोणीतरी अधिकाराने आखून दिलेली हवी. कोल्हापुरात अशा आखलेल्या जागा थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या सोयीच्या. बिंदू चौकातला वाहनतळ हे ठळक उदाहरण. सरस्वती टॉकीज परिसरातल्या बहुमजली वाहनतळाचे काम तीर्थक्षेत्र विकास आराखड्यातून हाती घेतले गेले. भाविकाची गाडी काही तासांची असते. पेठेतल्या रहिवाशाची गाडी रात्रभराची, आणि तिच्यासाठी आखलेली जागा जवळजवळ नाही.

व्यापारी रस्त्यांवर मुदतीचे काम सम-विषम पार्किंग करते. फलकावर पी १ आणि पी २ लिहिलेले असते; सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. ही पद्धत वाहतुकीची कोंडी कमी करण्यासाठी आहे असे सांगितले जाते, पण दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याला हुसकावणारी शहरातली खरी यंत्रणा हीच. तारीख बदलली की कालची कायदेशीर गाडी आज बेकायदा होते, तास मोजण्याची गरजच उरत नाही. यात एक गंमत आहे. महिना ३१ दिवसांचा असेल तर ३१ आणि १ या लागोपाठच्या दोन्ही तारखा विषम येतात, म्हणून विषम बाजूची गाडी सलग दोन दिवस हलवावी लागत नाही. वर्षात असे सात वेळा घडते. लीप वर्षी २९ फेब्रुवारी आणि १ मार्चची जोडी धरून आठ वेळा. तारीख मध्यरात्री बदलते खरी, पण गाडीची बाजू बदलायला मध्यरात्री कोणी उठत नाही. सकाळी दुकाने उघडताना मालक गाड्या हलवतात, आणि तोवर फोटो निघाला असेल तर ई-चलन मोबाइलवर येऊन पडलेले असते.

बारा महिन्यांत दोन वेळा तरी हे सगळे बाजूला ठेवून तात्पुरते आदेश लागू होतात. गणेशोत्सवात तालीम मंडळांचे मांडव गल्लीत उभे राहतात आणि एरवी वर्षभर जागेवरून न हललेल्या गाड्याही त्या आठवड्यात हलतात. पोलिसांच्या नोटिशीपेक्षा मंडळाच्या कार्यकर्त्याची हाक अधिक लवकर पोचते. विसर्जन मिरवणुकीच्या महाद्वार रोडसारख्या मार्गांवर वाहन ठेवायला मनाई असते. नवरात्रात अंबाबाई मंदिराभोवतालचे रस्ते बंद करून बाहेरगावच्या गाड्या दसरा चौक, गांधी मैदान अशा मोकळ्या जागांकडे वळवतात. नवरात्रानंतरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार सोहळ्यासाठी बाहेर येते. वर्षातले बाकीचे दिवस ती न्यू पॅलेसच्या आवारात असते, आणि खासगी आवार सार्वजनिक जागेच्या व्याख्येत बसत नसल्याने तिला दहा तासांचा नियम लागू होत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

खरी डोकेदुखी बेवारस वाहनांची. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर आणि त्या धुळीत पोरांनी बोटाने काढलेली चित्रे, खालून उगवलेले गवत, बॉनेटवर कुत्रे: अशी एखादी गाडी बऱ्याच गल्ल्यांत सापडते. शिवाजी उद्यमनगरासारख्या कारखाने-गॅरेजांच्या भागात त्यांची दाटी जास्त. तिथे मिस्त्रीकडे कामाला आलेली गाडी पार्टसाठी अडते, बिलावरून बिनसते, मालक फिरकत नाही आणि गाडी गॅरेजच्या दारातून रस्त्यावर सरकते. मालक वारल्यावर वारसांत वाटणी न झाल्याने आरसी बुकावर जुनेच नाव राहिलेल्या गाड्या हा दुसरा मोठा वर्ग. अशा गाडीवर आधी नोटीस चिकटवतात आणि नोंदणी क्रमांकावरून मालक शोधतात. तो न सापडल्यास ती उचलली जाते. रस्त्यावर टाकलेली वस्तू हटवण्याचे अधिकार महापालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेले आहेत, त्यामुळे भंगार उचलण्याच्या मोहिमा कधी पोलिसांच्या, तर कधी महापालिकेच्या अतिक्रमण विभागाच्या असतात. उचललेली गाडी लगेच विकता येत नाही. मालक अज्ञात असलेल्या मालमत्तेबाबत दंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि हक्क सांगण्यासाठी सहा महिने देतात. तोवर गाडी कुठेतरी ठेवावी लागतेच. राज्यात अनेक पोलीस ठाण्यांबाहेर मुद्देमालातल्या दुचाकींचे ढीग गंजत असतात. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडू देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात २००२ सालीच बजावले आहे. रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्रणेलाच पार्किंगची जागा पुरत नाही.

मालकाने वेळेत हालचाल केली तर हे टळते. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे कोल्हापुरात एमएच ०९ क्रमांक देणाऱ्या आरटीओला, कळवावे लागते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्राकडे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. कर्नाटकची सीमा जवळ असल्याने केए क्रमांकाच्या गाड्या शहरात भरपूर. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या वाहनाला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि हा काळ मोजताना गाडी धावली की उभी राहिली याला अर्थ नसतो.

गाडी उभीच आहे तर विमा कशाला, हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून रस्त्याकडेला कलंडला. काही तासांनी गळणाऱ्या पेट्रोलचा स्फोट होऊन जवळ जमलेली माणसे मरण पावली. टँकर तर तेव्हा जागचा हलत नव्हता, मग हा मोटार वाहनाच्या ‘वापरा’तून झालेला अपघात कसा, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला. वाहन थांबलेले, बिघडलेले किंवा अपघाताने निश्चल असले तरी ते वापरात असू शकते, असे ठरले. तेव्हा गल्लीत उभ्या मोटारीलाही विम्याचा कागद लागतो.

ऊस हंगामाची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. राजाराम साखर कारखाना कसबा बावड्यात, शहराच्या हद्दीतच आहे. गळीत सुरू झाले की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या शहराच्या रस्त्यांवर येतात, आणि पंक्चर झालेली किंवा नंबर न लागलेली भरली ट्रॉली रात्री कडेला सोडून ट्रॅक्टर निघून जातो. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि उसाचे शेंडे हातभर बाहेर. अंधारात दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कलम १२२ मध्ये ट्रेलरचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि दहा तास मोजत बसू नये असे कोणते प्रकरण असेल तर ते हे.

घरमालकांनी स्वतः लावलेले फलक हा नियमांचा लोकांनी केलेला पुरवणी खंड. ‘गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ यातल्या पहिल्या निम्म्याला कायद्याचा आधार आहे, कारण प्रवेशद्वार अडवून वाहन लावायला रस्ते नियमांतच मनाई आहे. दुसऱ्या निम्म्याला अजिबात नाही. अधिकार नसताना दुसऱ्याची उभी गाडी हलवणे किंवा तिच्या यंत्रणेशी छेडछाड करणे यासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८ खाली १,००० रुपये दंड आहे. जागा राखायला ठेवलेल्या कुंड्या, दगड आणि जुने टायर हेही रस्त्यावरचे अडथळेच. तरी भांडण बहुधा ठाण्यापर्यंत जात नाही. ‘पावणं, गाडी जरा फुडं घ्या की’ एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटतात.

इतरत्र मुदत स्पष्ट ठेवलेली दिसते. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याला जागेचा दाखला द्यावा लागतो आणि रस्त्यावर एकाच ठिकाणी दिवसा १२ तास, रात्री ८ तासांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात स्थानिक संस्था ७२ तासांनंतर गाडी उचलू शकतात. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंग धोरण आले, त्याला कडाडून विरोध झाला आणि अंमल मोजक्या रस्त्यांपुरता आटोपला. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नवी गाडी नोंदवू नये, असा विचार बोलून दाखवला. कोल्हापूरच्या पेठांत हा नियम आणायचा तर आधी सातबारा नव्हे, रस्त्याची रुंदी मागवावी लागेल. १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून हद्द वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटरांतच गाड्यांची भर पडत आहे.

पुरात मात्र सर्व नियम स्थगित असल्यासारखे वागले जाते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका दर्शवते. ती चढू लागली की सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या सखल भागांतले लोक आधी गाड्या उंचावर नेतात आणि मग घरातले सामान आवरतात. उंचावरच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दिवसचे दिवस परक्या गल्लीतल्या गाड्या लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि ट्रक कित्येक दिवस रांगेत उभे राहिले. त्यांच्या चालकांना आसपासच्या गावांनी जेवण पुरवले.