पहिल्या गिअरचे निदान
जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत बसवलेली, आणि पुढे महायुद्धात स्टुअर्ट रणगाड्यांतही गेलेली हायड्रामॅटिक ही चार गतींची स्वयंचलित यंत्रणा आली, तेव्हापासून मिस्त्रीच्या कसबावर तर्काचा अंमल सुरू झाला. पहिल्या गिअरसाठी पुढचा व मागचा असे दोन्ही पट्टे आपापल्या ड्रमांवर आवळले जात. दुसऱ्यात केवळ मागचा, तिसऱ्यात केवळ पुढचा. म्हणून गाडी पहिल्यात व तिसऱ्यात घसरली, पण दुसऱ्यात नीट ओढू लागली, तर संशय पुढच्या पट्ट्यावर, आणि पहिल्या-दुसऱ्यात घसरली तर मागच्यावर, असा निवाडा पेटी न उघडता करता येई. ही निदानपद्धती मला नाडीपरीक्षेइतकीच आदरणीय वाटते. तेलाची पातळी व दाब आधी पाहून मग पट्टा बेताने आवळायचा. त्याचे अस्तरच झिजले असेल, तर मात्र तो बदलण्यावाचून गत्यंतर नसे.