थ्वेट्स हिमनदी: समुद्रपातळीखाली टेकलेला बर्फ

थ्वेट्स ही पश्चिम अंटार्क्टिकामधील एक विशाल हिमनदी आहे. ती अमुंडसेन समुद्राच्या पाइन आयलंड उपसागरात येऊन मिळते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्वेट्स यांचे नाव तिला दिलेले आहे. वृत्तपत्रांत तिला ‘प्रलयकारी हिमनदी’ म्हटले जाते. तिची भीती का वाटते, याचे उत्तर तिच्या भूगोलात आहे.

आकार किती?
समुद्राकडील बाजूला तिची रुंदी सुमारे १२० किलोमीटर आहे. जगातील ही सर्वांत रुंद हिमनदी मानली जाते. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश. मुख्य प्रवाहातील बर्फ वर्षाला २ किलोमीटरहून अधिक अंतर सरकतो.

तळ कसा आहे?
हिमालयातील हिमनद्या उंच डोंगरउतारावरून खाली येतात. थ्वेट्सचा बर्फ मात्र समुद्रपातळीच्या बराच खाली असलेल्या जमिनीवर टेकलेला आहे. शिवाय हा तळ किनाऱ्याकडून आत जाताना अधिकच खोल होत जातो. समुद्राजवळ बर्फ तळ सोडून पाण्यावर तरंगू लागतो. ही सीमारेषा मागे सरकली, की ती अधिक खोल आणि जाड बर्फापाशी पोहोचते. मग जास्त बर्फ समुद्रात वाहू लागतो आणि माघार आणखी वेग घेऊ शकते.

वितळण्याचे कारण काय?
खोल समुद्रातील तुलनेने उबदार, खारट पाणी तळावरील खोलगट भागांतून बर्फाखाली शिरते. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी गरम पाण्याने बर्फात सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडले आणि ‘आइसफिन’ हा यंत्रमानव खाली सोडला. सपाट भागात वितळणे अपेक्षेपेक्षा कमी दिसले. भेगा आणि पायऱ्यांसारख्या कडांपाशी मात्र ते वेगाने चालू होते.

आपला संबंध काय?
आधीच तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्रपातळी फारशी वाढत नाही. तळावर टेकलेला बर्फ समुद्रात आला, की ती वाढते. सध्याच्या जागतिक समुद्रपातळीवाढीत थ्वेट्सचा वाटा सुमारे ४ टक्के आहे. ही हिमनदी पूर्ण नष्ट झाली, तर पातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. मुंबईसारख्या सखल किनारी शहरांत भरतीचे पाणी तेवढ्या उंचीवरून सुरू होईल. हे एका रात्रीत घडणार नाही. त्याला अनेक दशके किंवा शतके लागू शकतात. तो वेग पुढे किती राहील, हे जगातील तापमानवाढीवरही अवलंबून आहे.