रुळांतून निसटलेली वीज



गाय लोखंडी टाकीला तोंड लावते आणि दचकून मागं सरते. पाणी स्वच्छ, आजार नाही. मग कुणी म्हणतं, दृष्ट लागली. तसं म्हणण्याआधी वीज तपासा. वीज जमिनीत कशी निसटते ते मुंबईनं शंभरावर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मुंबईत १८७४ साली ट्राम आली, ती घोडे ओढीत. पुढं ती विजेवर चालवायचं ठरलं. वीज डोक्यावरच्या तारेतून यायची नि रुळांतून माघारी जायची. पण रूळ बसलेले जमिनीत! सांधा ढिला असला की थोडी वीज रूळ सोडून ओल्या मातीतून, पाण्याच्या नळांतून वाट काढते. माणसाला पत्ता लागत नाही, पण चुंबकाची नाजूक सुई हलते. आणि कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात ती मोजणी अलिबागला न्यायचं ठरलं. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड वर्ज्य. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे मोजणी करून आकडे ताडून पाहिले, मगच कुलाब्याची बंद केली. केवढी ही सावधगिरी! विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. शेवटची ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. अलिबागची मोजणी मात्र अजून चालू आहे.

तुमच्याकडे रुळांच्या जागी न्यूट्रलची तार असते. तिचा सांधा ढिला पडला, किंवा मोटारीची वायर सोलली, की वीज गोठ्यातल्या लोखंडात उतरते. तुमच्या पायात चप्पल असते. गाईचे चारही खूर ओल्या फरशीवर नि तोंड टाकीला. तुम्हाला न जाणवणारे दोन-चार व्होल्टही तिला बोचतात. ती पाणी कमी पिते, दूध घटतं.

परवानाधारक वायरमनकडून टाकी आणि ओली फरशी यांच्यामधले व्होल्ट मोजून घ्या. स्वतः वायर उघडू नका. टाकी, दावणीचे पाइप, पत्र्याचे खांब ही सगळी एका तारेनं जोडून अर्थिंगला न्यावीत. नवी फरशी करताना आत लोखंडी जाळी घालून तीही त्यालाच जोडावी, म्हणजे खूर आणि तोंड यांत फरक उरत नाही. मेन स्विच बंद करूनही व्होल्ट दिसले, तर दोष बाहेरच्या लाइनचा असू शकतो. वीज कार्यालयात लेखी कळवा. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला विसरू नका.