टाळेबंदी आणि कौटुंबिक हिंसा
कोव्हिड-१९ या महामारीच्या प्रतिबंधार्थ भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. तीमुळे घरातच छळ सोसणाऱ्या स्त्रियांचे बाहेर पडण्याचे मार्ग खुंटले. माहेरी जाणे, पोलीस ठाणे गाठणे किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी अधिनियमान्वये नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांस भेटणे दुष्कर झाले. छळ करणारी व्यक्ती अष्टौप्रहर घरी असल्याने दूरध्वनीवर बोलणेही धोक्याचे ठरले.

राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपद्वारे संदेश पाठविण्याची सोय केली. आयोगाकडील कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी २०१९ मध्ये सुमारे ३,००० होत्या; त्या २०२० मध्ये सुमारे ५,३०० झाल्या. याउलट तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९८-अ खाली (१९८३ मध्ये समाविष्ट) पती व सासरच्या मंडळींच्या क्रूरतेबद्दल पोलिसांनी नोंदविलेले गुन्हे त्याच काळात सुमारे १,२५,००० वरून १,११,५०० पर्यंत घटले. तक्रारींच्या संख्येवर हिंसेच्या प्रमाणाबरोबरच तक्रारीची वाट किती मोकळी आहे, याचाही परिणाम होतो, हे या विसंगतीवरून स्पष्ट होते. नवी वाटही सर्वांस खुली नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरावयाचा मोबाइल होता. तसेच शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ सुमारे १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. त्यामुळे नोंदी घटल्या म्हणून हिंसा घटली, असे अनुमान काढणे युक्त नव्हे.