रोबस्टा : एका काटक झाडाचा इतिहास

लढायांच्या इतिहासात सेनापतींची नावे राहतात, ओझी वाहणारांची राहत नाहीत. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. म्हणून आम्ही आज ओझे वाहणाऱ्या एका झाडाची हकीकत सांगणार आहोत. हे झाड म्हणजे रोबस्टा कॉफी.

1869 साली सिलोनमधील कॉफीवर तांबेरा पडला. तेथे लागवड होती अरेबिका जातीची. ही जात स्वतःच्याच परागांवर फळते. शिवाय जगभरचे मळे मोजक्या रोपांपासून वाढलेले. म्हणून एका झाडाला जो रोग जडला, त्याने सारा मळा खाल्ला. पंधरा-वीस वर्षांत धंदा बुडाला. मळेवाल्यांनी त्याच जमिनीत चहा लावला. त्यांच्या दिवाळ्याची कथा सविस्तर सांगितली जाते. तामिळ मुलुखातून गेलेल्या मजुरांची रोजी बुडाली, तिची आठवण क्वचितच निघते.

तांबेरा जावातही पोचला. तेथील डच मळ्यांत 1900 च्या सुमारास कांगोच्या रानातील रोबस्टा ब्रसेल्समार्गे आली. रोबस्टा म्हणजे बळकट. ती सखल, उष्ण प्रदेशात वाढते आणि तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. तिला फळ धरण्यास दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, म्हणून झाडागणिक गुण निराळे. दाण्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, चव कडवट.

तिने मळे वाचविले, पण मान मिळाला नाही. 1912 साली न्यूयॉर्कच्या कॉफी बाजाराने तिला व्यवहारातून वगळले. पुढे झटपट कॉफीच्या कारखानदारांना ती हवीशी झाली, ती स्वस्त म्हणून! आज भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के रोबस्टाच आहे.

आणि गंमत अशी की, कुलीन मानलेली अरेबिका ही फार पूर्वी रोबस्टा व आणखी एक रानटी जात यांच्या संकरातून जन्मली, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. तिमोर बेटावर 1920 नंतरच्या दशकात या दोघींचा पुन्हा आपोआप संकर झालेला आढळला. त्याच्याच वंशातून तांबेऱ्याला तोंड देणारी अरेबिकाची नवी वाणे निघाली. ज्या आईला हलके म्हटले, तिनेच लेकीला सावरले.

परंतु काटक म्हणजे काहीही सोसणारा, असे नव्हे. रोबस्टालाही पाणी लागतेच. व्हिएतनाममध्ये दुष्काळाने पीक घटले, तेव्हा 2024 साली तिचे भाव कित्येक दशकांत नव्हते इतके चढले. मग तिची किंमत कळली! सोसणाऱ्याला कमी द्यावे हा बाजाराचा जुना रिवाज आहे. झाडाला बोलता येत नाही. मळ्यावर राबणाऱ्या माणसाला येते. त्याचे ऐकण्यासाठी दुष्काळाची वाट पाहू नये, एवढेच आमचे मागणे आहे.